लाल ठिपक्याची काडतुसं

सोमवार, ९ ऑक्टोबर

ही वही रेनेनं आणून दिली. म्हणाली, "बाबा, रोज चार ओळी लिहीत जा, मन मोकळं होतं." पोरगी नर्स आहे, सल्ला दिल्याशिवाय तिला घास गिळत नाही. मी म्हटलं, "माझ्या मनात काय साचतंय? साचतं ते सगळं तळघरातल्या टेबलावर." तिनं त्या टेबलाकडे जसं बघितलं, त्यावरून तिला ते मुळीच आवडत नाही हे दिसलं. असो. लिहितो.

शनिवारी फेझंट पक्ष्यांची शिकार सुरू होते, म्हणून दुपारभर खाली बसून गेलनसाठी काडतुसं भरली. जाड छर्रे, सावकाश जळणारी बंदुकीची दारू, आणि ती मापून सोडायला यंत्रात मोठ्या भोकाची पितळी कडी. माझ्या बायकोचं, अर्डिसचं स्टूल शेजारी आहे तसंच आहे. त्याच्यावर मी काही ठेवत नाही.

संध्याकाळी गेलन आला. हा माझा जुना दोस्त, शेजारच्या शेतावरचा. मी भरतो, तो उडवतो, असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यापासून मी बंदूक खांद्याला लावलेली नाही, त्यामुळं माझे बार त्याच्याच बंदुकीतून होतात म्हणायचं. पिशवीभर रिकामी टरफलं त्यानं टेबलावर ओतली.

"घे तुझं भंगार."

"भंगार काय म्हणतोस? आणखी चार वेळा भरीन यांना."

"एल्रॉय, तू कॉफीचा कपसुद्धा चार वेळा तोच वापरतोस, न धुता."

टरफलं अगदी ताजी होती. तोंडं चिरलेली नाहीत, प्लास्टिक कडक. माझा हात हलका आहे हे खरंच. एक मात्र समजलं नाही. प्रत्येक काडतुसाच्या पितळी बुडाला अर्डिस नखाच्या लाल पॉलिशचा ठिपका द्यायची. ती गेल्यावर मीही देतो, तिचीच बाटली आहे. यातल्या एकावरही ठिपका नव्हता. गेलन बंदूक पुसताना ती बुडंही पुसत असेल. फार टापटिपीचा माणूस.


रविवार, १५ ऑक्टोबर

काल गेलननं दोन पक्षी मारले, एक मला आणून दिला. लव्हॉननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सोलूनच पाठवला होता, कारण मी पिसं काढायला लागलो की सिंकभर करतो हे तिला माहीत आहे. मी विचारलं, "कशी होती काडतुसं?" तो म्हणाला, "झकास." आणि खिडकीबाहेर बघत राहिला. आजकाल त्याचं लक्ष नसतं. वय झालं त्याचंही.


शुक्रवार, २० ऑक्टोबर

दिवसभर, क्लबात हवेत उडवून नेम मारतात त्या मातीच्या तबकड्यांसाठीची काडतुसं भरली. याला बारीक छर्रे आणि झटक्यात पेटणारी दारू लागते. दोन्ही दारू दिसायला सारख्याच, राखाडी भुस्सा. म्हणून अर्डिसनं झटक्याच्या डब्याला लाल लोकर बांधून ठेवली होती. ती अजून आहे.

ती असताना आमची एक पद्धत होती. बसल्या बसल्या ती आधी विचारायची, "कडी?" मी म्हणायचो, "छोटी." ती म्हणायची, "दाखव." मग मला यंत्राची पट्टी काढून कडी तिच्या नाकासमोर धरावी लागायची. नंतर प्रत्येक टरफलात दारू पडली की ती टॉर्च मारून आत बघायची, मान हलवायची, आणि मगच मी वर छर्रे धरणारी प्लास्टिकची वाटी दाबायची. फार वेळ जायचा. मी चिडायचो. ती म्हणायची, "घाई असेल तर बाजारातून आण विकत."

आता विचारणारं कोणी नाही. काम भराभर होतं, पण रेडिओ मोठा लावावा लागतो.

आज काडतुसांच्या तोंडाच्या घड्या जरा फुगीर बसत होत्या. वाट्या नव्या आहेत, त्या उंच असतील. दारूचा डबाही लवकर तळाला गेला. हल्ली या कंपन्या डबे हलके भरतात, सगळीकडे लबाडी. मधेच लव्हॉन गरम बटाट्याचा हॉटडिश घेऊन आली, तेवढा एकदाच उठलो. ठिपके देता देता पॉलिशची बाटली आटत आली. दोन थेंब थिनर घातलं.

गेलन येऊन खोकी घेऊन गेला.


शुक्रवार, २७ ऑक्टोबर

आमच्या नेमबाजीच्या क्लबात तळलेल्या माशांचं जेवण. रेने आली होती, तिनंच गाडी चालवली. डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत मी गावाबाहेर गाडी न्यायची नाही असा तिचा हुकूम आहे.

जेवताना ड्वेननं गेलनला डिवचलं. ड्वेन म्हणजे क्लबाचा खजिनदार, तोंडाळ माणूस. म्हणाला, "काय रे, पैसे फार झाले का तुझ्याकडे? मंगळवारी बघितलं मी. नवी कोरी काडतुसं, दुकानातली!"

गेलनला बियरचा असा ठसका लागला की लव्हॉनला त्याची पाठ चोळावी लागली. मग तो घाईघाईनं बर्फ कधी पडणार यावर बोलायला लागला.

मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. माझ्या हातची घडी दुकानातल्यासारखी दिसते! आणि तेही ड्वेनला, ज्यानं आयुष्यात कोणाला चांगलं म्हटलेलं नाही. अर्डिस असती तर टेबलाखालून तिनं माझ्या पायावर पाय दिला असता.

नंतर गेलननं कॉन्सर्टिना, म्हणजे त्याची भात्याची हातपेटी काढली, नाचाच्या पोल्का वाजवल्या. त्याची डावी बोटं अजून कशी धावतात! अर्डिसच्या दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात त्यानं तिच्या आवडीची संथ चाल वाजवली होती. त्या बोटांनीच.


शुक्रवार, ३ नोव्हेंबर

नीट लिहिलं तर नीट विचार होईल, म्हणून क्रमानं लिहितो.

जेवण झाल्यावर खाली गेलो. फेझंटची आणखी काडतुसं करायची होती. छोटी कडी काढून मोठी घालायला यंत्राची पट्टी काढली. पट्टीत मोठीच होती.

आधी वाटलं, बरं झालं, घातलेलीच आहे. मग वीस तारीख आठवली. यापूर्वी मी भरली ती तबकड्यांची काडतुसं. त्यांना छोटी कडी हवी. छोटी कडी डबीत होती, जिथं असायला हवी तिथंच, आणि तिच्यावर धूळ होती.

म्हणजे वीस तारखेला मी कडी बदललीच नाही. झटक्यात पेटणारी दारू मोठ्या भोकातून सोडली. फुगीर घड्या. लवकर संपलेला डबा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी या वहीत लिहूनसुद्धा ठेवलं, आणि दोष दिला कंपनीला.

एवढ्या दारूनं काय होतं ते मला ठाऊक आहे. आणि गेलनची बंदूक त्याच्या बापाची जुनी दुनाळी आहे, पातळ नळ्यांची. नळी फुटते ती डावा हात जिथं धरतो तिथंच.

एकही काडतूस माझ्याकडे शिल्लक नाही. सगळी तो घेऊन गेला. ड्वेननं बघितली ती आधीच्या खोक्यातली असणार, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

फोन केला. वाजत राहिला. लव्हॉनला केला, तिचा बंद. तेव्हा आठवलं, दोघं काल नदीपलीकडे विस्कॉन्सिनला तिच्या बहिणीकडे गेलेत. उद्या सकाळी तिथल्या क्लबात तबकड्यांची स्पर्धा आहे, जिंकेल त्याला अख्खं हॅम, डुकराची खारवलेली तंगडी. तिथं गेलं की दोघं फोन गाडीत टाकून देतात. तरी निरोप ठेवला. एक ठेवला, दुसरा ठेवला. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

ड्वेनला फोन लावून त्या क्लबाचा नंबर घेतला. तो म्हणाला, "तिथं सकाळी कॉफी चढेपर्यंत कोणी फोन उचलत नाही. का रे, काय झालं?"

मी म्हणालो, "काही नाही. असंच."

असंच! सांगायला पाहिजे होतं. तो तोंडाळ असला तरी रात्रीतून गाडी घेऊन निघाला असता. पण उद्या सगळ्या क्लबात झालं असतं, एल्रॉय आता आंधळा झाला, एल्रॉयच्या काडतुसांना हात लावू नका. शरमेपायी मी दोस्ताचा हात घालवतोय का? हे लिहिलं आणि परत ड्वेनला फोन लावला. आता तोही उचलत नाही, झोपला असेल. रेने रात्रपाळीला, तिचा फोन कपाटात.

अंधारात मला रस्ता दिसत नाही. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे म्हणजे नुसता पिठाचा ढग. निघालो तर मीच कुणाला तरी चिरडीन. उजाडण्याची वाट बघायची. रात्रीचं काही लिहीत नाही.


शनिवार, ४ नोव्हेंबर

घरी आलोय. गेलनचे दोन्ही हात जागेवर आहेत. हे आधी लिहितो.

फटफटताच निघालो. रेनेचा हुकूम मोडला. डावा डोळा मिटून उजव्यानं पांढरी रेघ धरून चाललो, मागून लोक भोंगे मारत होते. नदीच्या पुलावर बर्फाचे बारीक कण काचेवर यायला लागले. पुलावर थांबता येत नाही, म्हणून नाही थांबलो. मी मोठ्यानं म्हणत होतो, "कडी? छोटी. दाखव. कडी? छोटी. दाखव." वेड लागल्यासारखा.

क्लबाच्या आवारात वळलो तेव्हा बार ऐकू येत होते. एकेक बार झाला की मी पुढच्याची वाट बघायचो. पुढचा झाला की कळायचं, अजून सगळे उभे आहेत.

गाडी तशीच उघडी टाकली. नेमबाजांच्या मागून जायचं, कडेनं जायचं, हे सगळे नियम मीच पोरांना शिकवलेत. पाय धावत नव्हते. पाच जण रांगेत उभे होते, गेलन मधोमध, निळ्या टोपीत. त्यानं बंदूक उचलली.

मी ओरडलो, "थांबा! बंदुका उघडा!"

उघडलेल्या बंदुकीतून बार होत नाही. ही हाक कुणीही देऊ शकतो आणि ती आली की कुणी का म्हणून विचारत नाही. पाचही बंदुका उघडल्याचा खटका ऐकला, तेव्हा कुठं मी थांबलो. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"एल्रॉय?" गेलन आला. "तू गाडी चालवत आलास? एकटा? रेनेला माहीत आहे?"

"काडतूस काढ. बाहेर काढ ते आधी. दारू जास्त पडलीय. नळी फुटेल, गेलन."

त्यानं नळीतून काडतूस काढलं, पण माझ्या हातात देईना. मीच ओढून घेतलं आणि उलटं केलं. बूड चकचकीत. ठिपका नाही. दुसऱ्या नळीतलं बघितलं. खिशात हात घालून मूठभर काढली. एकावरही ठिपका नाही.

"ही माझी नाहीत," मी म्हणालो.

"नाहीत."

"मग माझी कुठं आहेत?"

मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "अहो, मेलं नाही ना कोणी? मग ते हॅम कुणाचं ते तरी ठरू द्या." लव्हॉननं वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प कॉफी ओतायला गेला.

"शेडमध्ये आहेत," गेलन म्हणाला. "सगळी."

"वीस तारखेची?"

"एप्रिलपासूनची."

परतीला माझी गाडी त्यानं चालवली, लव्हॉन मागून पिकअप घेऊन. पूल आला. मग तो म्हणाला, "एप्रिलमध्ये तुझा एक बार नुसता फुसकला. आत दारूच नव्हती. वाटी नळीतच अडकून बसली होती. मी नशिबानं आत बघितलं. तुंबलेल्या नळीतून तसाच दुसरा बार मारला असता तर..."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? अर्डिसला पुरून आल्यावर तू जेवत नव्हतास. लव्हॉन म्हणाली, तो माणूस त्या काडतुसांसाठी तरी उठतोय, ते काढून घेऊ नकोस."

"आणि ती टरफलं?"

"दुकानातून आणायचो, उडवायचो, तुला आणून द्यायचो." मग म्हणाला, "ठिपक्याचं लक्षातच आलं नाही माझ्या. लाल पॉलिश कुठून आणलं असतं मी? लव्हॉननं मला घराबाहेर काढलं असतं."

हसू आलं नाही मला. त्यालाही आलं नाही.


रविवार, ५ नोव्हेंबर

चर्चमधून थेट त्याच्या शेडमध्ये गेलो. ट्रॅक्टरच्या मागं, ताडपत्रीखाली माझी खोकी एकावर एक नीट रचलेली. वर माझ्याच अक्षरात तारखा. सगळ्यांना लाल ठिपके, एकही उडवलेलं नाही. सात महिने मी थडग्यावर फुलं वाहावीत तशी ही भरत होतो आणि मला वाटत होतं बार होतायत.

वीस तारखेचं खोकं मी स्वतः काढलं. एक काडतूस चाकूनं कापून दारू तराजूवर ओतली. काटा हवा त्याच्या पुष्कळ पुढं जाऊन थांबला. गेलननं बघितलं आणि टोपी काढून कपाळ पुसलं.

"मारलं असतं मी तुला," मी म्हणालो.

"मी उडवलंच नसतं."

"तू नाही. पण लव्हॉनचा भाऊ आला असता, त्यानं खोकं उचललं असतं. शेडला कुलूप नाही तुझ्या!" मग मी ओरडायलाच लागलो. एप्रिलमध्ये सांगितलं असतंस तर मी तेव्हाच हात आवरला असता. तू गप्प बसलास, म्हणून मी भरत गेलो. दयेपायी तू घरात बॉम्ब रचत होतास, गाढवा!

तो म्हणाला, "ओरड. खरं आहे तुझं."

त्यानं सांगितलं नाही हे चुकलं. पण त्यानं उडवली नाहीत, म्हणून आज समोर उभा आहे. ही दोन्ही वाक्यं मी एकमेकांशेजारी ठेवून बघतोय. एकत्र बसत नाहीत. बाजूलाही काढता येत नाहीत.

अंधार पडेपर्यंत दोघं कापत बसलो. दारू पत्र्यावर पसरून अंगणात जाळली. नुसता फुरर् आवाज, पिवळी ज्वाळा, संपलं.

रेनेला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, यंत्र विकायला सांगेल. ती म्हणाली, "गाडीची किल्ली मला द्या. यंत्राचं तुमचं तुम्ही बघा." किल्ली उद्या देतो.


मंगळवार, १४ नोव्हेंबर

खाली गेलो नव्हतो. जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच परत फिरतो. आज खालून गेलनची हाक आली. मागच्या दारानं आत येऊन तो अर्डिसच्या स्टुलावर बसला होता. त्या स्टुलावर! हातात टॉर्च.

"तिथून ऊठ," मी म्हणालो.

"मग मी कुठं बसू? तुझ्या डोक्यावर?"

त्याच्या मांडीवर एक छोटी बाटली होती. लव्हॉननं दिलेलं पॉलिश. केशरी, भोपळ्यासारखं. म्हणाला, "लाल मिळालं नाही."

मी बसलो. डबा उघडताना थोडी दारू टेबलावर सांडली. ती पुसेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "कडी?"

"छोटी."

"दाखव."

त्याला कुणी शिकवलं? अर्डिसनं क्लबात कधी सांगितलं असेल, ती सगळ्यांनाच सांगायची. मी पट्टी काढून कडी त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं चष्मा लावून बघितली, उलटी करून बघितली, परत मागून बघितली. अर्डिसपेक्षा वाईट आहे हा.

सबंध दुपारभर एकच खोकं झालं.


रविवार, १९ नोव्हेंबर

कडक थंडी, वारा नाही. क्लबात आम्ही दोघंच आणि तबकड्या सोडायला ड्वेन. ड्वेनला सगळं कळलंय. तो मला एकही टोमणा मारत नाही, हेच मला सहन होत नाही.

गेलननं खोक्यातून एक काडतूस उचललं. बुडाला केशरी ठिपका. मी म्हणालो, "राहू दे. पुढच्या आठवड्यात."

"प्रत्येकात मी स्वतः बघितलंय, एल्रॉय."

"तुझा चष्मा जुना आहे."

"तुझ्या डोळ्यापेक्षा नवा." त्यानं बंदूक बंद केली.

मी तबकडीकडे बघितलंच नाही. त्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो. नळीखाली बोटं, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचं सुटलेलं टोक, नखात काळं. त्यानं तबकडी सोडायला हाक दिली. मी डोळे मिटून घेतले, चांगला आणि वाईट दोन्ही.

बार झाला. नेहमीसारखा. बस, नेहमीसारखा.

"चुकली!" ड्वेन ओरडला. "हातभर मागून गेला!"

गेलननं बंदूक उघडली, टरफल वर आलं, धूर निघत होता. डाव्या हातानंच ते काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. चांगलंच गरम होतं. मी उलटं करून बघितलं. ठिपका जागेवर होता.